धुकं पडलं म्हणजे पाऊस गेला का? हळवं भात कापू की थांबू?

वाशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी ७:५०

आज पहाटे साडेपाचला गोठ्यात गेलो तर अंगणातला माड दिसेना. या मोसमातलं पहिलं दाट धुकं. आठ वाजत आले, तरी सूर्य अजून पितळेच्या ताटासारखा नुसता पिवळा दिसतोय. आणि दहानंतर ऊन असं काही तापतं की विचारू नका. गेले चार दिवस हेच चाललंय: पहाटे गारवा, दुपारी भट्टी, संध्याकाळी डोंगराच्या बाजूला काळोख करून येतं. कधी पडतो, कधी नुसता गडगडून जातो.

काल दसऱ्याला दाराला नवं, म्हणजे नव्या लोंब्यांचं तोरण, बांधलं. लोंब्या वाकल्यात, दाणा कडक झालाय. खालच्या तीन कुणग्यांत (खाचरांत) हळवं, म्हणजे लवकर येणारं भात आहे, ते तयार. वरचं गरवं, म्हणजे उशिरा येणारं, अजून हिरवं. वडील म्हणतात, "धुकं पडलं ना, म्हणजे पाऊस गेला. बिनधास्त कापा." हवामानाच्या पत्रिकेत मात्र लिहिलंय की पुढचे चार-पाच दिवस दिवसा उकाडा, पहाटे धुकं आणि दुपारनंतर तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस. आता वडिलांचं ऐकू की पत्रिकेचं?

माणसं मंगळवारी मिळतायत. तेव्हा नाही घेतली तर आठवडाभर मिळणार नाहीत. जाणकारांनी सांगा.

---

परशुरामची_लेक | रविवार, सकाळी ८:१५

माझी आजीही हेच म्हणायची. धुकं आलं की ती पावसाळी इरलं माळ्यावर टाकून द्यायची. मग हमखास एक सर यायची आणि ते इरलं परत खाली यायचं. :)

---

ढगवाचक | रविवार, सकाळी ९:४०

वाशिष्ठीकाठ, तुमच्या वडिलांचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

धुकं पडायला तीन गोष्टी लागतात: जमिनीलगत भरपूर ओल, रात्री निरभ्र आकाश आणि जवळजवळ पडलेला वारा. जुलैत ओल असते, पण डोक्यावर ढगांची गोधडी असते. जमिनीची उष्णता बाहेर निसटत नाही, त्यामुळे रात्र थंड होत नाही. जानेवारीत आकाश निरभ्र असतं, पण जमीन सुकलेली. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिन्ही गोष्टी एकत्र येतात. कुणग्यांत पाणी आहे, पऱ्ये वाहतायत, रात्री आभाळ उघडं आणि २३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी. जमीन रात्रभर थंड होते, तिच्यालगतची हवा गार होऊन दरीत उतरते आणि तुमच्या वाशिष्ठीच्या खोऱ्यात साचून राहते. पहाटे परशुराम घाटातून खाली बघा, दुधाचं तळं दिसेल. तुम्ही त्या तळ्याच्या तळाशी राहता.

म्हणजे धुकं सांगतं ते इतकंच: रात्री ढग नव्हते आणि ओल भरपूर आहे. तीच ओल दहा वाजता उन्हानं उठते, दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढग बांधते आणि चार वाजता तुमच्या खळ्यावर येते. धुकं पडलं म्हणून पाऊस संपला असं नव्हे. ज्या सकाळी धुकं पडायचं बंद होईल, दवही कमी होईल आणि ओठ फुटायला लागतील, त्या दिवशी पाऊस गेला म्हणा.

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी १०:०५

वडिलांना वाचून दाखवलं. "शहाणा दिसतो," म्हणाले. हे कौतुक आहे की नाही ते कळलं नाही.

---

आचऱ्याचो | रविवार, दुपारी १२:२०

आमच्या हयसर रोज सांजेक गडगडता. काल तर वीज अशी कडाडली की म्हशीन दावा तोडल्यान. माका इचारशाल तर कापून घेवा, थांबा नको. आडवा पडला तर मगे उचलतलो कोण? माणसा गावनत नाय.

बाकी रापणीक बांगडो लागाक लागलो. ह्या एक बरा.

---

गणपतीपुळे_ते_गिरगाव | रविवार, दुपारी १:१०

हवामान खातं "पाऊस पडणार" म्हणतं आणि आमच्याकडे टिपूस पडत नाही. गेल्या आठवड्यात पिवळा इशारा होता, मी गाडी झाकून ठेवली, कडकडीत ऊन. अंदाजाचं काही खरं नाही. त्यापेक्षा पंचांग बरं.

---

ढगवाचक | रविवार, दुपारी २:३०

पुळेकर, हे गाऱ्हाणं नेहमीचं आहे आणि अर्धा दोष खात्याच्या भाषेचा आहे, तोही मान्य. पत्रिकेतले शब्द साधे वाटतात, पण ते मोजून वापरलेले असतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५ आणि त्याच्यावर "बहुतेक ठिकाणी". चारातल्या तीन गावांत टिपूस नाही पडला, तरी "तुरळक ठिकाणी पाऊस" हा अंदाज बरोबर ठरतो. तुम्ही त्या तिघांतले. आणि पिवळा इशारा म्हणजे "लक्ष ठेवा", "घाबरा" नव्हे.

महिन्याच्या अंदाजाचंही तसंच. महिनाअखेरीला पुढच्या महिन्याचा नकाशा येतो, त्यात किनारपट्टीवर नारिंगी रंग दिसला की लोक म्हणतात "यंदा भयंकर गरम होणार". तो रंग अंशांचा नसतो, शक्यतेचा असतो. मागच्या बऱ्याच वर्षांतले ऑक्टोबर थंड, मधले आणि गरम अशा तीन सारख्या भागांत वाटायचे. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. नारिंगी म्हणजे गरम भागाची शक्यता त्याहून वाढली, एवढंच. त्यावरून तुमचा मंगळवार कळत नाही. कापणीसाठी जिल्ह्याची पाच दिवसांची पत्रिका बघायची. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, आणि तो आपल्याकडे दापोलीच्या विद्यापीठातून येतो, म्हणजे लिहिणाऱ्याला हळवं आणि गरवं यातला फरक माहीत असतो.

---

गणपतीपुळे_ते_गिरगाव | रविवार, दुपारी २:४५

हे "तुरळक"चं गणित आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आधीचं म्हणणं मागे घेतो. पंचांगाबद्दलचं नाही.

---

माहेरवाशीण | रविवार, दुपारी ३:०५

पंचांगावरून आठवलं. हस्त संपून चित्रा लागली, मग २४ तारखेच्या आसपास स्वाती. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" म्हणतात ना? मग स्वातीचा पाऊस चांगलाच की.

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, दुपारी ३:२०

ताई, ती म्हण घाटावरची. तिकडे ज्वारी-हरभऱ्याला स्वातीची ओल लागते. आमच्याकडे स्वातीत पाऊस पडला तर मोती खळ्यातच उगवतात. कोंब फुटलेलं भात बघितलंय का कधी? कडप्यावर, म्हणजे कापून शेतात पसरलेल्या भातावर, पाऊस पडला आणि दोन दिवस ऊन नाही मिळालं की लोंबीला हिरवे कोंब येतात. २०१९ला ते बघितलंय. दिवाळीच्या तोंडावर क्यार वादळ अरबी समुद्रात होतं. किनाऱ्यावर आलंही नाही, पण पाऊस असा ओतला की अख्ख्या कोकणातलं कापलेलं भात पाण्यात. त्या वर्षी आम्ही पेंढासुद्धा काळा घातला गुरांना. त्यामुळे मी जरा जास्तच भित्रा झालोय, हे मान्य.

---

तांडेल_हर्णै | रविवार, संध्याकाळी ६:३०

शेतकऱ्यांच्या धाग्यात आमचं दोन ओळी.

समुद्रावर धुकं तुमच्यासारखं नसतं. पाणी या दिवसांत २८-२९ अंश असतं, त्यावर धुकं धरत नाही. खाडीत मात्र असतं. पहाटे बोट काढताना मुखाशी काही दिसत नाही, बाहेर पडलं की मोकळं. वाऱ्याचं गणितही बदललंय: पहाटे मतलई (जमिनीकडून), दुपारी खारा (समुद्राकडून), आणि मधे तासभर वारा पडतो तेव्हा अंगाची लाही लाही होते.

बाहेरून बघणाऱ्याला समुद्र आता तळ्यासारखा वाटतो. पण आम्ही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत विश्वास ठेवत नाही. २००९च्या ११ नोव्हेंबरचं फयान वादळ विसरलेलो नाही. त्या वेळीही आधी असंच ऊन होतं.

---

देवगडी | रविवार, रात्री ९:००

भाताचं चाललंय, त्यात आंबा आणतो, रागावू नका.

या उकाड्यानं कलमांना पालवी फुटतेय. थोडी फुटली तर ठीक, पण परतीचा पाऊस लांबला की जमिनीतली ओल टिकते आणि कलम नुसतं पानावर जातं. कोवळ्या पालवीला मोहोर येत नाही, ती जून व्हायला हवी. म्हणून ऑक्टोबर जेवढा ओला, तेवढा मोहोर पुढे ढकलला जातो. त्यात ही पहाटेची ओल आणि दिवसाची गर्मी, म्हणजे पालवीवर तुडतुडे आणि करपा. लोक थंडीची वाट नोव्हेंबरात बघायला लागतात, मी आतापासून पहाटेचा पारा लिहून ठेवतो. आज २४. वीसच्या खाली उतरून तिथेच टिकला की जीव भांड्यात पडेल.

मुंबईचे पाहुणे मला डिसेंबरात विचारतात, "आंबा कधी?" त्याचं उत्तर खरं तर आत्ताच ठरत असतं.

---

चाकरमानी_डोंबिवली | सोमवार, सकाळी ९:१५

दोन प्रश्न. एक: बुधवारी कोजागरीला गावी येतोय, चांदणं दिसेल का? दोन: रात्री निघून पहाटे पोहोचायचा बेत आहे, रस्त्यावर धुकं किती?

आणि तिसरा, रागाचा: आज ऑफिसला जाताना लोकलमध्ये असा घाम फुटला की मे महिना बरा. ऑक्टोबरमध्ये एवढं का गरम होतं? सूर्य तर दक्षिणेला गेला ना?

---

ढगवाचक | सोमवार, सकाळी ११:००

रागाचा प्रश्न आधी.

पावसाळ्यात चार महिने समुद्रावरून जोराचं वारं येत असतं, ते थांबतं. त्याच्या जागी घाटावरून हलकं पूर्वेचं वारं सुरू होतं. ही हवा सह्याद्री उतरताना दाबली जाते आणि तापते, दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश. कऱ्हाड-कोल्हापूर साधारण ५५०-५७० मीटरवर. तिथे ३० अंश असेल तर तीच कोरडी हवा किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत पस्तिशीला गेलेली असते. वर ही पूर्वेची हवा समुद्रवाऱ्याला अडवून धरते. एरवी अकराला येणारा खारा वारा एक-दोन वाजेपर्यंत येत नाही. तोवर ऊन उघडं, जमीन ओली, हवेत दमटपणा. घाम फुटतो, पण सुकत नाही. मे महिन्यात निदान वारा असतो. शिवाय अरबी समुद्रही पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात पुन्हा एकदा तापतो, त्यामुळे रात्रीही सुटका नाही.

आणि जाता जाता एक खूण, जी आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे: जूनचा पाऊस समुद्राकडून येतो, ऑक्टोबरचा डोंगराकडून. वाशिष्ठीकाठ, मंगळवारी दोन वाजल्यानंतर पश्चिमेकडे नका बघू, पूर्वेकडे बघा.

कोजागरी: मध्यरात्रीपर्यंत चांदणं दिसायला हरकत नाही. दुपारचे ढग सूर्य मावळल्यावर सहसा विरतात. मसाला दूध अंगणात ठेवा, पण दोनच्या आत प्या. नंतर दव पडतं.

---

घाटातला_ड्रायव्हर | सोमवार, दुपारी १२:३०

धुक्याचं मी सांगतो. पोलादपूर सोडलं की कशेडीच्या बोगद्यामुळे पूर्वीचा त्रास कमी झालाय. पण बोगद्यातून बाहेर खेडकडे उतरताना एकदम पांढरी भिंत समोर येते. मग परशुराम घाट. सगळ्यात दाट चार ते सात. हेडलाइट अप्पर ठेवू नका, उजेड अंगावर परत येतो. डिपर, आणि वेग कमी. पार्किंग लाइट लावून पळणारे लोक असतात, त्यांच्या मागे जाऊ नका. ते थांबलेत की चाललेत ते कळत नाही.

माझं ऐकाल तर पोलादपूरला चहा घ्या आणि उजाडल्यावर निघा. नऊ वाजता सगळं वितळून जातं.

---

परशुरामची_लेक | सोमवार, दुपारी ४:००

कापणीला जाणाऱ्यांनी पायात काहीतरी घाला. कुणग्यात पाणी आहे, उंदीर आहेत, पायाला चिरा असतात. लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे होणारा ताप, याच दिवसांत होतो. ताप आला तर "कापणीनं अंग दुखतंय" म्हणून घरी बसू नका, डॉक्टरला सांगा की शेतात होतो. आणि वीज कडकडायला लागली की आंब्याखाली उभं राहायचं नाही, एवढं तरी बायकांना आणि पोरांना बजावा.

---

निवृत्त_कृषी_सहायक | सोमवार, रात्री ८:१०

वाशिष्ठीकाठ, सरळ उत्तर देतो, कारण मूळ प्रश्न मागेच राहिला.

तुमचं हळवं तयार असेल, म्हणजे लोंबीतले नव्वद टक्के दाणे पिवळे झाले असतील, तर थांबण्यात फायदा नाही. थांबलात तर दाणा झडतो आणि पडलं तर सगळंच जातं. पण तिन्ही कुणगे एकाच दिवशी आडवे करू नका. जेवढं त्याच दिवशी झाकता येईल, तेवढंच कापा. बांध फोडून पाणी आजच काढा.

सकाळी धुक्यात विळा लावू नका. लोंबी ओली असते, कडपा ओलाच बसतो. साडेनऊ-दहाला दव उडालं की सुरू करा, दोनला कापणी थांबवा. वैभव विळा असेल तर जमिनीलगत कापता येतं, पेंढाही जास्त मिळतो. एरवी दोन दिवस कडपे शेतात वाळवा म्हणून सांगितलं असतं. या हवेत नको. त्याच दिवशी झोडून घ्या आणि दाणा खळ्यावर पातळ पसरून वाळवा. पेंढा नंतर वाळेल, दाणा नंतर वाळत नाही. भात विकायचं असेल तर सरकारी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि घरात साठवायचं तर १४च्या खाली आणा.

उडवी (भाऱ्यांची रास) रचायची घाई करू नका. ओली उडवी आतून तापते.

---

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री ९:३५

काका, हेच हवं होतं. पाणी दुपारीच काढलं. ताडपत्र्या मोजल्या, चार आहेत, त्यातली एक उंदरानं खाल्लेली.

गेल्या वर्षी एका मळणी यंत्रवाल्यानं आगाऊ पैसे घेऊन दोन दिवस लटकवलं होतं, म्हणून यंदा झोडणीच. वडील खूश. म्हणतात, "मी सांगितलंच होतं, कापा म्हणून." धुक्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

---

आचऱ्याचो | मंगळवार, दुपारी ३:१०

हयसर पूर्वेक काळोख केल्यान. थंय कसा आसा?

---

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री १०:००

सविस्तर लिहितो, अंग मोडून आलंय.

सकाळी धुकं कालच्यापेक्षा दाट होतं, पलीकडच्या बांधावरचे लोक नुसते आवाजावरून कळत होते. पावणेदहाला सुरुवात केली. सात माणसं, दोन विळे बोथट. दीडपर्यंत दोन कुणगे झाले. तिसऱ्यात शिरायचं का यावर माझं आणि चुलतभावाचं थोडं वाजलं. ऊन असं तापलं होतं की पाऊस येईल असं कोणाला वाटेना. मी पूर्वेला बघितलं तर डोंगरावर पांढरा कापूस एकावर एक रचत चाललेला, वरचा भाग कोबीच्या गड्ड्यासारखा. मी म्हटलं, नाही. माणसांना झोडणीला लावलं.

साडेतीनला वाऱ्याची एक थंड झुळूक आली, डोंगराकडूनच. तेव्हा खळ्यावर निम्मं झोडून झालेलं. दाणा पडवीत घेतला, उरलेल्या भाऱ्यांवर ताडपत्र्या. उंदरानं खाल्लेल्या ताडपत्रीवर आईचं जुनं लुगडं घातलं. चारला आला. वीस मिनिटं, पण ढगफुटीसारखा. वीज दोनदा जवळ पडली.

नुकसान: लुगड्याखालचे आठ-दहा भारे भिजले. तिसरा कुणगा उभाच आहे, एक कोपरा लोळला. दाणा सगळा कोरडा. पुढच्या वाडीत पाऊसच नाही. पुळेकर, आज आम्ही त्या २५ टक्क्यांत.

---

गणपतीपुळे_ते_गिरगाव | मंगळवार, रात्री १०:२०

आणि आम्ही पुन्हा त्या तिघांत. गाडी आज धुतली होती, ती स्वच्छ आहे. :)

---

चाकरमानी_डोंबिवली | गुरुवार, सकाळी ११:४५

पोहोचलो. पोलादपूरला चहाचा सल्ला मानला, दीड तास बसलो, ड्रायव्हरसाहेबांचे आभार. चंद्र साडेबारापर्यंत स्वच्छ होता. मग त्याच्याभोवती एक फिकट खळं आलं आणि दोननंतर समोरचं घरही दिसेना. दूध मात्र आधीच संपलं होतं.

---

ढगवाचक | गुरुवार, दुपारी १:००

खळं म्हणजे त्यावेळी जमिनीलगत ओल धरायला लागली होती, किंवा वर पातळ ढग होते. दुरून सांगता येणार नाही. गच्चीवर दव होतं का?

---

चाकरमानी_डोंबिवली | गुरुवार, दुपारी १:१०

चटई पिळून काढली.

---

देवगडी | शनिवार, सकाळी ६:५५

आज पहाटे २२. धुकं विरळ.

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी ८:३०

आमच्याकडे आज धुकंच नाही. नुसतं दव, तेही बांधाच्या गवतावर. वारा पूर्वेचा, ओठ सुकतायत. वडिलांनी अंगणात उभं राहून वर बघितलं आणि म्हणाले, "आता गेला." ढगवाचकांनी तेच लिहिलं होतं, पण मी त्यांना सांगितलं नाही.

तिसरा कुणगा काल संपवला. भिजलेले भारे पसरून दोन दिवस उलटेपालटे केले. कोंब आले नाहीत, दाणा थोडा काळवंडलाय, तो कोंबड्यांना. गरवं अजून पंधरा दिवस घेईल, म्हणजे स्वातीत सापडणार. तेव्हा हाच धागा वर काढेन.

आणि कुणाला चांगली ताडपत्री कुठे मिळते ते माहीत असेल तर सांगा. चिपळूण बाजारात सांगतात ती पातळ आहे. आईनं लुगडं परत मागितलंय.